यादीतलं नाव

२००५च्या सुमारास पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीत मी एसईओच्या, म्हणजे वेबसाइट शोधात वर आणण्याच्या कामाला लागले, तेव्हा दिवसाचा मोठा भाग एकाच कामात जायचा: डिरेक्टरी सबमिशन. क्लायंट बहुतेक अमेरिका आणि इंग्लंडमधले. कुणी टेक्सासमध्ये घरांची छपरं दुरुस्त करणारा, कुणी लंडनजवळ फुलांचे गुच्छ घरपोच देणारा. त्यांच्या वेबसाइटची नोंद वेगवेगळ्या वेब डिरेक्टरींमध्ये, म्हणजे वेबसाइटींच्या विषयवार याद्यांमध्ये करायची, प्रत्येक नोंदीची ओळ एक्सेलमध्ये भरायची आणि महिनाअखेरीला रिपोर्ट पाठवायचा. रकाने ठरलेले असत. डिरेक्टरीचं नाव, तिचा पेजरँक, कॅटेगरी, दिलेलं शीर्षक, तारीख आणि शेवटी ‘पेंडिंग’ की ‘अप्रूव्ह्ड’.

फॉर्म जवळपास सगळीकडे सारखाच. शीर्षक, वेबसाइटचा पत्ता, दोन-तीन ओळींचं वर्णन, ईमेल आणि वेडीवाकडी अक्षरं दाखवणारा कॅप्चा. डोकं लावायला लागायचं ते कॅटेगरी निवडताना. छपरं दुरुस्त करणारा ‘बांधकाम’मध्ये टाकायचा की ‘घर आणि बाग’मध्ये? आधी राज्य शोधायचं की आधी व्यवसाय? चांगली डिरेक्टरी चुकीच्या कॅटेगरीतली नोंद घ्यायची नाही आणि बहुतेक वेळा का घेतली नाही तेही कळवायची नाही. काही डिरेक्टऱ्या फुकट होत्या, काही पैसे घेऊन लवकर तपासायच्या आणि काही ‘आधी आमची लिंक तुमच्या साइटवर लावा’ म्हणायच्या.

यादीत नाव असण्याचा आणि शोधात वर येण्याचा नेमका संबंध काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या सोबत आहे. वरवरची उत्तरं दर काही वर्षांनी बदलत गेली. मुळाशी असलेली गोष्ट मात्र मला बदललेली दिसली नाही. कुणीतरी समजून, तपासून नाव लिहिलं असेल तरच त्या नोंदीला वजन येतं. ही गोष्ट मला कामातून कशी कळत गेली, ते सांगते.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आज तो नव्या मुलांना ठाऊक नसतो. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या वेबसाइटींची विषयवार यादी करायला घेतली. तिचंच पुढे याहू झालं. तेव्हा वेबवर काही शोधायचं म्हणजे या यादीत विषयामागून विषय उघडत खाली उतरायचं. शोधयंत्रं होती, पण ती मुख्यतः पानावरचे शब्द मोजत. एखादा शब्द पानावर पन्नास वेळा लिहिला की ते पान वर यायचं. १९९८ साली स्टॅनफर्डमधूनच गूगल निघालं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पानाचं महत्त्व ठरवायला दुसऱ्या पानांवरून आलेल्या लिंका मोजायला घेतल्या. कुणी लिंक दिली म्हणजे शिफारस केली, आणि शिफारस करणाराच मोठा असेल तर तिचं मोल जास्त. हाच पेजरँक.

या हिशेबात डिरेक्टरीला आपोआप मोठं स्थान मिळालं. याहूच्या यादीत नाव येण्यासाठी तिथला संपादक वेबसाइट उघडून बघायचा. पुढे व्यावसायिक साइटींसाठी याहू वर्षाला २९९ डॉलर घेऊ लागलं. ते पैसे तपासणीचे असत, नोंद होईलच याची हमी नसे. गूगल निघालं त्याच वर्षी, १९९८च्या जूनमध्ये, रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी एक डिरेक्टरी सुरू केली. काही महिन्यांत ती नेटस्केपने विकत घेतली. तीच ओपन डिरेक्टरी, आमच्या भाषेत डीमॉझ. हे काम यंत्रापेक्षा माणसं चांगलं करतात, हेच तिचं घोषवाक्य होतं.

डीमॉझमधल्या एका नोंदीचं एवढं कौतुक का होतं, त्यालाही कारण होतं. तिची सगळी माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता यायची. २००० साली गूगलने स्वतःची डिरेक्टरी काढली ती हीच माहिती घेऊन; फक्त साइटी पेजरँकप्रमाणे लावल्या. इतरही कितीतरी साइटी ती जशीच्या तशी छापत. म्हणजे डीमॉझच्या संपादकाने एकदा होकार दिला की ती लिंक अनेक ठिकाणी उमटायची. इतकंच काय, शोधाच्या निकालात साइटीच्या नावाखाली जे दोन ओळींचं वर्णन दिसतं, तेही गूगल कधीकधी डीमॉझमधून उचलायचं. ते नको असेल तर २००६पासून पानाच्या कोडमध्ये तशी सूचना लिहिण्याची सोय झाली होती.

उरलेल्या डिरेक्टऱ्यांची गोष्ट वेगळी होती, आणि ती आकडेमोडीतून समजते. पेजरँकच्या मूळ सूत्रात पान आपलं वजन आपल्यावरच्या सगळ्या लिंकांमध्ये सारखं वाटतं. ताटातला प्रसाद दहा जणांत वाटला तर घासभर येतो, तीनशे जणांत वाटला तर जिभेला चव लागेपर्यंत संपतो. आमच्या शीटमध्ये डिरेक्टरीचा म्हणून जो पेजरँक लिहिलेला असायचा तो तिच्या पहिल्या पानाचा. आमच्या क्लायंटची लिंक मात्र चार पायऱ्या खाली, शंभर-दोनशे नावांच्या गर्दीत, अशा पानावर असायची जिथे गूगलचा बॉट क्वचितच फिरकत असेल. गूगलच्या टूलबारमध्ये पेजरँक दाखवणारी हिरवी पट्टी तिथे कोरी दिसायची. त्यातच एक तयार सॉफ्टवेअर बाजारात आलं होतं. ते सर्व्हरवर टाकलं की संध्याकाळपर्यंत नवी डिरेक्टरी उभी. तोच साचा, त्याच कॅटेगऱ्या, फक्त रंग आणि नाव वेगळं. अशा डिरेक्टऱ्या हजारांनी झाल्या.

त्याच काळात मी डीमॉझची संपादक व्हायचं ठरवलं. एखादी लहान कॅटेगरी निवडून अर्ज करायचा, आपण कोणत्या साइटी त्यात घालू त्याचे नमुने द्यायचे, वर्णन कसं लिहिता ते दाखवायचं. मग जुना संपादक ते वाचून ठरवायचा. अर्जात आपला कोणकोणत्या साइटींशी धंद्याचा संबंध आहे तेही लिहावं लागे. मी कंपनीच्या क्लायंटांची नावं दिली आणि त्यांच्या कॅटेगऱ्यांच्या वाटेला गेले नाही. माझं काम महाराष्ट्राच्या प्रादेशिक विभागात आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या ‘वर्ल्ड’ विभागातल्या मराठीत होतं.

ते काम करताना मी जे शिकले ते ऑफिसमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. डीमॉझच्या नियमांत शीर्षक म्हणजे संस्थेचं किंवा दुकानाचं खरं नाव. ‘स्वस्त फुलं लंडन’ असं नाव चालायचं नाही. पाटीवर जे आहे तेच. वर्णनात ‘सर्वोत्तम’, ‘अग्रगण्य’, ‘विश्वासार्ह’ असे शब्द काढून टाकायचे आणि साइटीवर प्रत्यक्षात काय आहे ते एका-दोन वाक्यांत सांगायचं. दुसऱ्याचा माल नुसता पुढे ढकलणारी साइट, अर्धवट बांधलेली साइट, एकाच मालकाची तीच साइट वेगळ्या नावाने, या सगळ्या बाजूला ठेवायच्या. त्यासाठी साइट आतपर्यंत वाचावी लागायची. ‘आमच्याबद्दल’ हे पान, संपर्काचं पान, पत्ता खरा वाटतो का, फोन दिलाय का. एका नोंदीला कधीकधी अर्धा तास लागायचा, आणि त्या अर्ध्या तासाचा मला कधी कंटाळा आला नाही.

मराठीत तर या कामाला आणखी एक अर्थ होता. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइटी आपापल्या फाँटमध्ये असत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फाँट उतरवून घेतला नाही तर वाचणाऱ्यालाही तीच दिसायची. शोधयंत्राला त्या पानावर मराठी आहे हेच कळायला मार्ग नव्हता. तुम्ही युनिकोडमध्ये ‘ज्ञानेश्वरी’ लिहून शोधलंत तरी ज्ञानेश्वरीवरचं ते पान सापडायचं नाही. अशा वेळी फाँट उतरवून, पान वाचून, ते कशाबद्दल आहे हे युनिकोड मराठीत दोन ओळींत लिहिणारा संपादक हाच त्या पानाचा आणि वाचकाचा दुवा होता. १९९६पासून चालत आलेल्या मायबोलीसारख्या मोठ्या जागा लोकांना तोंडोतोंडी माहीत होत्या. पण एखाद्या शिक्षकाने हौसेने उभारलेली किल्ल्यांची साइट, कुणा वैद्यांनी लिहिलेली वनस्पतींची माहिती, परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचं कार्यक्रमांचं पान, ही यादीत आली नसती तर सापडलीच नसती. आपण लिहिलेल्या दोन ओळींमुळे एखादं पान लोकांपर्यंत पोचू शकतं, याची जबाबदारी मला तिथे पहिल्यांदा जाणवली.

डीमॉझ आदर्श होती असं नाही. कितीतरी कॅटेगऱ्यांना संपादकच नव्हता. तिथे नोंदी महिनोन्‌महिने, कधी वर्षं पडून राहत. २००६च्या ऑक्टोबरमध्ये तिचा सर्व्हर असा कोसळला की डिसेंबरपर्यंत आम्हाला संपादनच करता आलं नाही. धंदेवाल्यांचा राग असे, आणि काही संपादक आपल्याच माणसांना झुकतं माप देतात असे आरोप होत. पण मूळ पद्धत सच्ची होती: आधी वाचायचं, मग लिहायचं.

दिवसा ऑफिसमध्ये मात्र याच्या उलट रीत होती. तिथे शीर्षकात दुकानाचं नाव लिहायचं नसे. ज्या शब्दावर वर यायचंय तो शब्द लिहायचा, कारण शीर्षक हीच लिंक आणि लिंकमधले शब्द गूगल वाचतं. सगळीकडे एकच शब्द दिसला तर संशय येईल म्हणून पाच-सहा शीर्षकं आळीपाळीने फिरवायची. काही वर्षं त्याने खरंच फरक पडायचा. ज्या शब्दावर फारशी स्पर्धा नाही, तिथे महिनाभराच्या सबमिशननंतर साइट तिसऱ्या पानावरून पहिल्या पानावर आलेली मी पाहिली आहे. ते नाकारून उपयोग नाही. चाललं नसतं तर एवढा धंदा उभा राहिलाच नसता.

गूगल अॅनालिटिक्स २००५च्या अखेरीस फुकट मिळू लागलं आणि मी रेफरलचा रिपोर्ट बघू लागले. कोणत्या साइटीवरून किती माणसं आली, ते त्यात दिसतं. याहूच्या यादीतून थोडी माणसं येत, डीमॉझमधून थोडी येत. छपरं दुरुस्त करणाऱ्याच्या बाबतीत सगळ्यांत जास्त माणसं येत होती ती त्याच्या गावच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या सभासद यादीतून, आणि त्यातली बरीच जण फॉर्म भरून फोन मागत. आमच्या शीटमधल्या त्या साचेबंद डिरेक्टऱ्यांसमोर शून्य होतं. एकाखाली एक शून्यं. त्या याद्या उघडून वाचणारं कुणी नव्हतंच. त्या शोधयंत्राला दाखवण्यापुरत्या उभ्या होत्या. मला तेव्हाच वाटलं की जे माणसाच्या कामाचं नाही त्याला यंत्र फार दिवस मान देणार नाही. आज ना उद्या यंत्र हे ओळखायला शिकेल.

ते शिकत होतंच. २००५च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ आणलं: लिंक द्यायची, पण ही आपली शिफारस नाही असं यंत्राला सांगायचं. २००७मध्ये बऱ्याच डिरेक्टऱ्यांच्या टूलबारमधला पेजरँक एकाएकी घसरला. २००८च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने वेबमास्टरांसाठीच्या आपल्या सूचनांमधलं एक वाक्य गुपचूप काढलं. ‘आपली साइट ओपन डिरेक्टरी आणि याहूसारख्या डिरेक्टऱ्यांत नोंदवा’ असा तो सल्ला होता. आमच्यापैकी अनेकांनी क्लायंटला पटवताना तेच वाक्य दाखवलेलं असायचं. सल्ला गेला, पण सबमिशनचं काम बाजारात चालूच राहिलं, कारण पॅकेजं विकली जात होती आणि आकडा दाखवायला सोपा होता.

मग २४ एप्रिल २०१२ आला. त्या दिवशी आलेल्या बदलाला गूगलने पेंग्विन म्हटलं आणि इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा ठळक परिणाम होईल असं जाहीर केलं. एकसारख्या शब्दांच्या, विकत घेतलेल्या, साचेबंद लिंकांचा मोठा ढीग ज्या साइटींकडे बोट दाखवत होता, त्या खाली गेल्या. त्याच सुमारास साइटमालकांसाठीच्या गूगलच्या वेबमास्टर टूल्समध्ये ‘अनैसर्गिक लिंका’ असल्याच्या नोटिसा येऊ लागल्या. हे दोन प्रकार वेगळे होते. नोटीस आली असेल तर साफसफाई करून पुन्हा विचार करा अशी विनंती करता यायची. पेंग्विनचं तसं नव्हतं. ते पुढच्या वेळी चालेल तोवर थांबावं लागे. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये ते चाललं, त्यानंतरचा मोठा बदल थेट २०१६च्या सप्टेंबरमध्ये आला. मधली जवळपास दोन वर्षं काही छोट्या धंद्यांना आपल्या नावाला लागलेल्या जुन्या लिंकांचं ओझं घेऊन बसावं लागलं.

तेव्हा मी स्वतंत्रपणे काम करू लागले होते आणि माझ्याकडे यायची ती साफसफाईची कामं. सगळ्या लिंका उतरवून घ्यायच्या, प्रत्येक उघडून बघायची आणि ठेवायची की काढायची ते ठरवायचं. डिरेक्टरीच्या मालकांना ईमेल पाठवायची. अर्ध्याअधिकांचे पत्तेच बंद असत. काही उत्तर देत की काढतो, पण प्रत्येक लिंकेचे इतके डॉलर. जे हाती लागत नसे ते २०१२च्या ऑक्टोबरपासून मिळालेल्या ‘डिसअव्हाउ’ सोयीतून गूगलला कळवायचं: एक साधी मजकूर फाइल, त्यात एकाखाली एक डोमेनची नावं. हे काम जिकिरीचं होतं. पण त्यात एक समाधानही होतं, कारण प्रत्येक लिंकेसमोर मी तोच प्रश्न विचारत होते जो डीमॉझमध्ये विचारायला शिकले होते: ही नोंद कुणी वाचून केली आहे का? उत्तर ‘हो’ असलेल्या लिंका एकामागून एक ठेवण्याच्या बाजूला जमा होत. गावच्या चेंबरची यादी, धंद्याच्या संघटनेची यादी, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची यादी.

पुढे माझं काम हळूहळू परदेशातून इथे आलं. मोबाइल प्रत्येकाच्या हाती आला, नकाशावर दुकानं दिसू लागली आणि इथले छोटे उद्योजक विचारू लागले. भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “ताई, आमच्यापेक्षा लहान माणूस नकाशात वर दिसतो. आमचं नाव एवढ्या याद्यांत आहे, मग आम्ही खाली का?” त्यांच्या प्रश्नातच उत्तर होतं. नाव बऱ्याच याद्यांत होतं, पण प्रत्येकीत वेगळं. कुठे ‘इंजिनिअरिंग’, कुठे ‘इंजिनिअर्स’, कुठे वडिलांच्या काळातलं नाव. एका ठिकाणी प्लॉट नंबर, दुसरीकडे गट नंबर, तिसरीकडे नुसतं ‘अमुक कंपनीच्या मागे’. फोन नंबर तीन वेगवेगळे, त्यातला एक काही वर्षांपूर्वी बंद केलेला लँडलाइन. आणि नकाशावर त्यांच्याच नावाच्या दोन टाचण्या, एक जुन्या जागेवर. चाकणहून आलेला एक खरेदी अधिकारी त्या जुन्या जागेपर्यंत जाऊन परत फिरला होता.

इथे डिरेक्टरी वेगळ्या तऱ्हेने काम करते. गावातल्या धंद्यांचा क्रम लावताना तीन गोष्टी बघतो असं गूगल सांगतं: शोधाशी किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे आणि त्या धंद्याची ख्याती किती. ख्याती ठरवताना वेबवरच्या लिंका, लेख आणि डिरेक्टऱ्यांतली माहितीही विचारात घेतो, असं त्याच्या मदतीच्या पानावर पूर्वी लिहिलेलं असायचं; ते मी अनेकांना दाखवलं आहे. त्या नोंदींमधल्या लिंका बहुधा नोफॉलो असतात; लिंक म्हणून त्यांचं वजन फारसं नाही. मोल आहे ते जुळण्याला. नाव, पत्ता, फोन चार ठिकाणी एकच सापडला की हा धंदा खरा आहे आणि इथेच आहे, याची यंत्राला खात्री वाटू लागते. चार ठिकाणी चार सापडले की ही चार दुकानं आहेत की एक, याचा त्यालाच उलगडा होत नाही.

आपल्याकडचे पत्ते हे काम आणखी अवघड करतात. ‘मारुतीच्या देवळासमोर’, ‘जुन्या जकात नाक्याजवळ’ हे आपल्याला पुरतं, पोस्टमनलाही पुरतं. यंत्राला पुरत नाही. त्यात एकच नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहायची सवय आणि आता बदललेली शहरांची नावं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर इथल्या व्यापाऱ्यांच्या नोंदी आज काही ठिकाणी जुन्या, काही ठिकाणी नव्या नावाने आहेत. अशा वेळी सगळ्यांत भरवशाचा आकडा म्हणजे पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात अनेक भाषा, सारख्या नावांची अनेक गावं. तरी पत्र योग्य हाती पडावं म्हणून काढलेले ते सहा आकडे आज नकाशातली टाचणी जागेवर ठेवायलाही कामी येतात. नाव मराठीत लिहा, रोमनमध्ये लिहा, पिन बदलत नाही.

भोसरीच्या कामात आम्ही नवी नोंद एकही केली नाही. आधी कागदावर एक ओळ पक्की केली: जीएसटीच्या दाखल्यावर आहे तसं नाव, प्लॉट नंबरसह पत्ता, पिन, एकच मोबाइल. मग जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे तिथे ते दुरुस्त करायला लागलो. जस्टडायल, इंडियामार्ट, ट्रेडइंडिया, संघटनेची सभासद यादी. जस्टडायल आणि इंडियामार्ट दोन्ही १९९६पासूनच्या, त्यामुळे जुन्या धंद्यांचे तिथले तपशीलही तितकेच जुने असू शकतात. काही ठिकाणी दुरुस्ती दोन मिनिटांत झाली, काही ठिकाणी पुन्हा पुन्हा फोन करावे लागले. जुन्या जागेवरची टाचणी काढली. मुख्य कॅटेगरी ‘कारखाना’ अशी ढोबळ होती. ते प्रत्यक्षात जे काम करतात त्याची कॅटेगरी निवडली. नकाशातली जागा काही आठवड्यांत सुधारली. मालकांना त्याहून मोठी गोष्ट वाटली ती ही, की चुकीच्या नंबरावर जाणारे फोन आता त्यांच्याकडे येऊ लागले.

अशा मोठ्या डिरेक्टऱ्यांचा आणखी एक उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही. ‘कोथरूडमध्ये दातांचे डॉक्टर’ असं शोधून बघा. पहिल्या पानावर बहुतेक वेळा डॉक्टरांच्या स्वतःच्या साइटींपेक्षा प्रॅक्टो किंवा जस्टडायलची पानं वर दिसतात. एकट्या डॉक्टरांची साइट त्यांच्याशी झुंजू शकत नाही, आणि झुंजायची गरजही नाही. त्या पानावर आपली नोंद नीट असेल, फोटो खरे असतील, वेळा बरोबर असतील, तर त्या पानाचा क्रम आपल्या कामाला येतो. आपली साइट किती वर गेली एवढंच मोजलं तर हा फायदा हिशेबात धरला जात नाही.

याहूची डिरेक्टरी २०१४च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. गूगलची त्याआधी, २०११मध्ये. डीमॉझ १७ मार्च २०१७ला बंद झाली. तेव्हा तिच्यात ९० भाषांमधल्या ३८ लाखांहून जास्त साइटी होत्या आणि इतक्या वर्षांत नव्वद हजारांवर संपादकांनी तिच्यावर हात फिरवला होता. तिचे काही संपादक आता कर्ली नावाने तेच काम पुढे नेत आहेत. यंत्रं इतकी सुधारली की वेबभरची यादी हाताने करायची गरज राहिली नाही, हे खरंच आहे. पण यंत्रं सुधारली ती माणसांनी तपासलेल्या याद्यांवर उभी राहून, हेही तितकंच खरं आहे. आणि आज नकाशा असो किंवा प्रश्नाला थेट उत्तर देणारं नवं यंत्र असो, दुकानाचा पत्ता सांगताना कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेल्या नोंदीच ते वाचतं.

‘पाचशे डिरेक्टऱ्यांत नोंद’ अशी पॅकेजं आजही विकली जातात, आणि नुकतं दुकान टाकलेले लोक मला विचारतात की घेऊ का. मी त्यांना प्रत्येक यादीबद्दल तीन गोष्टी तपासायला सांगते. तुमचं गिऱ्हाईक ही यादी कधी उघडेल का? तुमचं नाव घेण्याआधी तिथे कुणी काही तपासतं का? आणि तिथे तुमचं खरं नाव लिहायला सांगतात की शोधशब्द? तिन्ही उत्तरं समाधानकारक असतील तर पैसे असोत वा नसोत, नोंद करा. नसतील तर ते पैसे दुकानाच्या पाटीवर खर्च करा.

आणि एक मागणं आपल्या संघटनांकडे आहे. १९३४मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मराठा चेंबरसारख्या मोठ्या संस्था, औद्योगिक वसाहतींमधल्या उद्योजकांच्या संघटना, तालुक्यातली व्यापारी मंडळं, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या शाखा, यांच्याकडे जी सभासदांची माहिती असते तशी कोणत्याही शोधयंत्राकडे नसते. त्यांना माणूस माहीत असतो, त्याचं काम माहीत असतं, त्याने जागा बदलली तर आठवड्यात कळतं. अनेक छोट्या संघटनांमध्ये ही यादी छापील स्मरणिकेत किंवा स्कॅन केलेल्या पानांवर पडून असते, जिथे ती यंत्रालाही दिसत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. ती वेबवर साध्या मजकुरात, मराठीत आणि इंग्रजीत, प्रत्येक सभासदासाठी एक पान अशी ठेवा. नाव, पत्ता, पिन, फोन, काम काय करतात ते दोन ओळींत. वर्षातून एकदा एक माणूस बसवून प्रत्येक नंबर लावून बघा. त्या कामाला फार पैसा लागत नाही, वाचायची आणि तपासायची तयारी लागते. सभासदांना शोधात वर आणण्यासाठी एखाद्या संघटनेला यापेक्षा उपयोगाचं दुसरं काही करता येईल असं मला वाटत नाही. आणि ज्या संघटनेला ही यादी उभी करायची आहे, तिच्या शेजारी बसून ती करून द्यायला मला मनापासून आवडेल.